वेदीसाठी राखलेला मेंढा

मुलांनो, फार प्राचीन काळी यरुशलेमजवळच्या खडकाळ टेकड्यांवर, एका मेंढपाळाच्या कळपात एक मेंढा राहत असे. मेंढपाळ मोठ्या आजारात होता, तेव्हा तो नवस बोलला होता की बरा झालो तर कळपातला सर्वांत चांगला मेंढा मंदिराच्या वेदीवर अर्पण करीन. निवड याच मेंढ्याची झाली. वेदीवर चालणारा पशू निर्दोष लागे. लंगडा, आंधळा किंवा कान फाटलेला पशू मंदिरातले पुजारी, म्हणजे याजक, दारातूनच परत पाठवत. त्या दिवसापासून मेंढा स्वतःला जपू लागला. तो टक्कर खेळेना, अरुंद वाटेने जाईना, काटेरी झुडपाचा पाला तर तोंडातही घेईना. कोणी जवळून गेले की म्हणे, "जरा लांबून. मी देवाचा आहे."

कळपाबरोबर एक म्हातारे गाढव असे. मालकाला पाठीवर घेऊन ते अनेकदा शहरात जाऊन आले होते. अर्पणाच्या आदल्या दिवशी ते मेंढ्याला म्हणाले, "काय महाराज, झाली का उद्याची तयारी?"

"झाली. निर्दोष पशूचे अर्पण देवाला आवडते, असे याजकांच्या ग्रंथात आहे. तूच ऐकून आलास ना?"

"मंदिराच्या दाराशी ऐकले. आणि तिथून दहा पावलांवर, भर बाजारात, देवाचा निरोप सांगणारा एक संदेष्टा लोकांना विचारत होता, देवाला काय भूक लागते? गरिबाला लुबाडता आणि वर बळी कसले देता? त्याचे बोलही देवाचेच म्हणून लोक लिहून ठेवतात."

मेंढा गोंधळला. "दोन्ही देवाचेच? मग खरे कोणते मानायचे?"

"मला वेदीवर घेत नाहीत, त्यामुळे विचार करायला पुष्कळ वेळ मिळतो," गाढव म्हणाले. "पण उत्तर अजून मिळालेले नाही."

"तुला नसेल मिळाले. मला मिळाले आहे. अंगावर एक ओरखडा नको, बस्स."

मेंढा मूर्ख नव्हता, मुलांनो. नियम मनापासून पाळण्यात काहीच कमीपणा नाही. पण त्याच दुपारी उताराखालून केविलवाणे ओरडणे ऐकू आले. ओढ्यापलीकडच्या विधवेचे एकुलते एक कोकरू चुकून इकडे आले होते आणि काटेरी झुडपात अडकले होते. मेंढा धावत तिथे पोचला, तेव्हा समोरून कोल्हा सावकाश येत होता. त्याला घाई नव्हती.

मेंढ्याला पाहून तो थांबला आणि अदबीने म्हणाला, "मेंढेबुवा, तुमचे नाव ऐकून आहे. तुम्ही आहात तिथेच उभे राहा. हे कोकरू काही तुमच्या कळपातले नाही. शिवाय हे काटे फार वाईट. तुम्हाला एक ओरखडा पडला, तर उद्या याजकांना काय दाखवाल?"

मेंढ्याला हे बोलणे ओळखीचे वाटले. सकाळी तो स्वतः हेच बोलला होता. त्याच्या मनात आले, 'माझ्या ज्या शुद्धतेने कोल्ह्याचे पोट भरणार, ती देवाला आवडेल कशी?' मग त्याने आणखी विचार केला नाही. डोके खाली घालून तो थेट झुडपात घुसला. काट्यांनी त्याचा कान टोकापासून मुळापर्यंत फाडला. तरी फांद्या मोडून कोकराला मोकळे करत तो पलीकडे निघाला, आणि त्याने कोल्ह्याच्या बरगडीत अशी धडक दिली, की कोल्हा कण्हत ओढ्याच्या दिशेने पळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक दोरी घेऊन आला आणि त्याने तो फाटलेला कान हातात धरला. "अरे, हे काय करून घेतलेस?" तो म्हणाला. मग मेंढ्याला चिकटून उभे असलेले परके कोकरू त्याला दिसले. झुडपातली लोकर दिसली, कोल्ह्याच्या पावलांचे ठसे दिसले. त्याने कोकरू खांद्यावर घेतले आणि आधी विधवेच्या घरी पोचवले. नंतर मेंढ्याऐवजी गव्हाचे पीठ आणि तेल गाढवावर लादून तो मंदिरात गेला.

याजकाने विचारले, "तुझा नवस मेंढ्याचा होता ना?"

"होता. तो मेंढ्याने काल स्वतःच फेडला," असे म्हणून मालकाने सगळी हकिकत सांगितली.

याजकाने पिठात हात घातला. "धान्याचे अर्पणही आमच्याच ग्रंथात आहे," तो म्हणाला आणि मूठभर पीठ त्याने वेदीवरच्या अग्नीत टाकले.

गाढव परत आले तेव्हा मेंढा वाटेतच उभा होता. त्याने हळूच विचारले, "देवाने घेतले का रे ते पीठ?"

"ते मला कसे कळणार?" गाढव म्हणाले. "पण धूर अगदी सरळ वर गेला. आणि येताना पाहिले, तर विधवेच्या अंगणात तुझे कोकरू उड्या मारत होते."

तात्पर्य : ज्या पावित्र्याला दुबळ्याची हाक ऐकू येत नाही, ते देवाच्या कामाचे नाही. शास्त्राची दोन वचने जुळत नसतील, तेव्हा ज्याने कोणाचा तरी जीव वाचेल, ते आधी पाळावे.