विझवलेला दिवा आणि वॉरंटी

एकदा एका जाणत्या कारागिराने आपल्या दारी चालून आलेले काम हात न लावता परत पाठवले. त्याच्या शिष्याला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. ती हकिकत अशी.

हा कारागीर म्हणजे रशीद तांबोळी. महामार्गालगतच्या एका तालुक्याच्या गावी त्यांचे गॅरेज होते. डिझेल इंजिनाच्या कामात त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई आणि सारा तालुका त्यांना उस्ताद म्हणे. त्यांच्या हाताखाली श्रीरंग नावाचा तरुण बरीच वर्षे शिकत होता. हात चांगला, डोके तल्लख, आणि आपल्याला आता बहुतेक सगळे येते असा थोडा भरवसाही त्याला आला होता.

एके सकाळी उस्ताद बाजारात गेले असताना वसंतराव गुंजाळ नावाचे व्यापारी आपली पिकअप घेऊन गॅरेजपाशी आले. कोंबडीची नुकती जन्मलेली पिल्ले हॅचरीतून उचलायची आणि शेडवर पोचवायची, हा त्यांचा व्यवसाय. गाडी जवळजवळ नवी, कंपनीच्या वॉरंटीतली. मागे भोके पाडलेले खोके रचलेले आणि त्यांतून अखंड चिवचिवाट चाललेला.

"हा इंजिनचा पिवळा दिवा लागलाय सकाळपासून," वसंतराव खिडकीतूनच म्हणाले. "गाडीला काही झालेलं नाही. पळतेय झकास. एवढा दिवा विझव बाबा, डोळ्यांना खुपतोय. मला घाट चढायचाय आणि पिल्लं उन्हात टिकत नाहीत."

श्रीरंगने स्कॅनर जोडला. दोष कुठला ते पडद्यावर उमटायच्या आतच त्याने नोंद पुसण्याचे बटण दाबले. दिवा विझला.

"याला म्हणतात कारागीर!" वसंतरावांनी त्याची पाठ थोपटली आणि गाडी भरधाव निघून गेली.

उस्ताद परतले तेव्हा श्रीरंगने त्यांना हे मोठ्या उत्साहाने सांगितले. उस्तादांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"दोष काय दाखवला मशीनने?"

"बघितलं नाही, उस्ताद. घाई होती त्यांना."

"धूर कसला होता? पांढरा, काळा?"

श्रीरंगने धुराकडे पाहिले नव्हते. त्याबद्दल विचारलेही नव्हते.

उस्तादांनी वसंतरावांना फोन लावला. तो उचलला गेला नाही. तेव्हा त्यांनी दाराशी उभी असलेली वेगवान मोटरसायकल सोडून गॅरेजचा जुना टेम्पो काढला आणि श्रीरंगला शेजारी बसवले. पाठलाग करायचा तर हे खटारे कशाला, असे श्रीरंगच्या मनात आले. पण विचारण्याची ती वेळ नव्हती.

घाटाच्या पायथ्याशी चहाच्या टपरीसमोर पिकअप उभी दिसली. इंजिन चालूच होते. डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा पुन्हा लागलेला होता आणि मागून पांढरट धूर येत होता. उस्तादांनी क्षणभर कान दिला.

"शेठ, इंजिन बंद करा. ही गाडी घाट चढणार नाही."

"अहो, आत्ताच तर या पोरानं दुरुस्त केली!"

"दुरुस्त नाही केली. फक्त दिवा विझवला. चूक आमची आहे."

वसंतरावांचा चेहरा उतरला. त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन थांबले तसा पिल्लांचा आवाज एकदम मोठा वाटू लागला.

"मग तुम्हीच उघडा ना, उस्ताद. तुमच्या हातचं काम. तासाभरात होईल. लागेल तो खर्च देतो."

"मी याचा एक बोल्टसुद्धा फिरवणार नाही," उस्ताद शांतपणे म्हणाले. "क्रेन बोलवू आणि गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेऊ. पिल्लं माझ्या टेम्पोत चढवा. मी शेडवर पोचवतो. टेम्पोचं भाडं नको."

वसंतराव संतापले. सर्व्हिस सेंटरवाले गाडी अडकवून ठेवतात, नसत्या शंका काढतात, हे त्यांनी पुष्कळ ऐकवले. पण पिल्लांना ते ऐकत बसायला वेळ नव्हता. तिघांनी मिळून खोके हलवले. शेवटचा खोका चढल्यावर श्रीरंग टेम्पोच्या दाराकडे वळला, तर उस्ताद आधीच चाकामागे बसले होते.

"तू शेठबरोबर सर्व्हिस सेंटरला जा."

"मी? तिथे तुमची ओळख आहे, उस्ताद. तुम्ही बोललात तर काम सोपं होईल. टेम्पो मी नेतो."

"तूच जा," एवढे बोलून उस्तादांनी टेम्पो घाटाला लावला.

क्रेनने पिकअप सर्व्हिस सेंटरला पोचवली. तिथे निकम मॅडम प्रमुख होत्या. त्यांनी गाडीला आपले यंत्र जोडले आणि पडद्याकडे पाहत विचारले, "आज सकाळी यातली नोंद कोणीतरी पुसलेली आहे. कोणी पुसली?"

"आपोआप गेली असेल," वसंतराव चटकन म्हणाले आणि त्यांनी श्रीरंगच्या पायावर आपला पाय दाबला.

गप्प राहणे अगदी सोपे होते. श्रीरंगने पाय मागे घेतला.

"मी पुसली, मॅडम. दोष काय आहे ते न बघता पुसली."

"आणि उघडलंत काय काय?"

"काहीच नाही. उस्तादांनी बोल्टलासुद्धा हात लावू दिला नाही."

मॅडमनी त्याच्याकडे एकवार पाहिले आणि गाडी आत घ्यायला सांगितली. बाहेरच्या बाकावर वसंतराव त्याच्यावर उसळले. "वॉरंटी नाकारली तर? इंजिनाचा खर्च ठाऊक आहे तुला? तुझ्या खरेपणाचं बिल मी भरायचं?" आपण आज या माणसाचे दोनदा नुकसान केले, एकदा बटण दाबून आणि एकदा तोंड उघडून, असेच श्रीरंगला वाटत राहिले.

पुष्कळ वेळाने मॅडम बाहेर आल्या.

"डिझेल फवारणारा एक इंजेक्टर नीट बंद होत नाही. आत डिझेल गळत होतं. भरल्या गाडीनं घाट चढला असतात, तर पिस्टन जळून गेलं असतं. मग प्रश्न नुसत्या इंजेक्टरचा राहिला नसता. दिवा लागलेला असताना गाडी का दामटली, असं कंपनीनं विचारलं असतं, आणि ते विचारणं बरोबरच ठरलं असतं."

"मग आता?" वसंतरावांनी विचारले.

"दिवा पुन्हा लागला तेव्हा दोषाची नवी नोंद झाली. ती आहे. कंपनीची सील सगळी शाबूत आहेत. काम वॉरंटीत होईल." त्या श्रीरंगकडे वळल्या. "नोंद पुसल्याचं मला लिहावं लागेल. पण तुम्ही जे सांगितलंत तेच गाडीत दिसतंय. 'आपोआप गेली' यावरच मी थांबले असते, तर आणखी काय काय झाकलंय ते शोधायला मला सगळं इंजिन खोलावं लागलं असतं."

वसंतराव उठले आणि दोन चहा घेऊन आले. एक त्यांनी श्रीरंगच्या हातात दिला.

संध्याकाळी श्रीरंग गॅरेजवर आला तेव्हा उस्ताद टेम्पोचा हौदा धूत होते. पिल्ले सुखरूप पोचली होती. श्रीरंगने घडले ते सांगितले आणि मग दिवसभर मनात असलेले विचारले.

"उस्ताद, तो इंजेक्टर तुम्ही टपरीसमोर उभ्या उभ्या बदलला असता. शेठ पैसे द्यायला तयार होते. मग परत का पाठवलंत?"

उस्तादांनी नळ बंद केला.

"त्या गाडीमागे कंपनीचा शब्द उभा होता, श्रीरंग. मी पाना लावला असता तर इंजेक्टर बसला असता आणि तो शब्द गेला असता. पुढे काही झालं तर शेठ कुणाकडे गेले असते? माझा हात चांगला आहे म्हणून तो सगळीकडे घालायचा, असं नसतं. आणि दिव्याचं म्हणशील, तर शेठना तो बघायचा नव्हता. साहजिक आहे, ते घाईत होते. त्यांना जे बघवत नाही ते आपण बघावं, म्हणून तर माणसं आपल्या दारी येतात. तू मात्र त्यांच्यापेक्षाही घाईत निघालास."

"आणि मलाच का पाठवलंत तिथे?"

"मी गेलो असतो तर माझी पिकलेली दाढी बघून त्यांनी फारसं विचारलंच नसतं. बटण तू दाबलं होतंस. तेव्हा उत्तरही तुझ्याच तोंडून जायला हवं होतं."

श्रीरंग घुटमळला. वसंतरावांचा तो संतप्त प्रश्न अजून त्याच्या डोक्यातून गेला नव्हता.

"आणि मी खरं बोललो म्हणून त्यांनी वॉरंटी नाकारली असती तर?"

"तर इंजिन आपण बांधून दिलं असतं. खर्च गॅरेजचा. हात तुझे, आणि मी शेजारी स्टूल टाकून बसलो असतो."

"हे तुम्ही कधी ठरवलंत?"

"टेम्पोची किल्ली उचलली तेव्हा," उस्ताद म्हणाले आणि त्यांनी पुन्हा नळ सोडला.

कंपनीच्या हमीला मुदत असते, अटी असतात. आपण दिवसभर दुसऱ्याच एका हमीच्या आधाराने वावरत होतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता, हे आता श्रीरंगच्या ध्यानात आले. त्याने बाह्या वर केल्या, कोपऱ्यातला खराटा घेतला आणि तो उस्तादांच्या शेजारी हौदा घासू लागला.