सहा भरलेले फ्लास्क

एका संशोधन संस्थेत एकदा एक शिष्या पेशी वाढवायला शिकत होती. तिच्या गुरू सत्तरीच्या. सारे त्यांना नुसते 'बाई' म्हणत. शिष्येच्या स्वाधीन एक दुर्मीळ ठेव होती : माणसाच्या प्लीहेतल्या रक्तवाहिन्यांना आतून अस्तरासारख्या लागलेल्या पेशी. कुणा मृताच्या कुटुंबाने त्या संशोधनासाठी दिलेल्या. गोठवलेल्या अवघ्या दोन कुप्या, आणि पुन्हा मिळतील याची शाश्वती नाही.

प्लीहा म्हणजे रक्ताची गाळणी. म्हाताऱ्या तांबड्या पेशी तिथे अडवल्या जातात. त्यात या अस्तराचा वाटा किती, हा शिष्येचा प्रश्न.

तिने पहिली कुपी वितळवली. पेशी फ्लास्कच्या तळाला चिकटल्या, वाढू लागल्या. दाटी झाली की त्या सोडवून नव्या फ्लास्कात घालायच्या; अशी दर खेप म्हणजे एक पिढी. तिसऱ्या पिढीला बाई म्हणाल्या, "आता प्रयोग लाव. उशीर करू नकोस."

"एवढ्याशा पेशींवर? बाई, चुकलं तर?"

"चुकेल की. मग?"

"आणखी एकदाच वाढवते."

बाईंनी मान हलवली. ती होकाराची की कशाची, हे विचारायचा शिष्येला धीर झाला नाही.

एकाचे दोन फ्लास्क झाले, दोनाचे चार. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "काय हो, पंगत कधी बसायची? का नुसतं पीठच मळताय?" ती हसली आणि तिने आणखी दोन फ्लास्क मांडले. आठव्या पिढीला सहा फ्लास्क तळ झाकून भरले, तेव्हा कुठे तिला जरा बरे वाटले.

त्याच सकाळी बाई आल्या. त्यांनी एकेक फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि पाचांत पेशी मारणारे ब्लीच ओतले.

"बाई, दोन महिने..." शिष्या म्हणाली.

"सहावा तू बघ. शेजारी तुझाच तिसऱ्या पिढीचा फोटो ठेव."

फोटोत पेशी लहान, फरसबंदीसारख्या एकमेकींना बिलगलेल्या. सहाव्या फ्लास्कात त्या पसरट, सुजल्यासारख्या, शेजारणीशी अबोला धरलेल्या.

"शरीरात यांच्यावरून रक्त वाहत होतं," बाई म्हणाल्या. "इथे प्लास्टिकवर आपण एकच काम सांगितलं : वाढा. दर पिढीला त्या म्हाताऱ्या होत गेल्या आणि आपलं मूळ काम विसरत गेल्या. प्लीहेचा प्रश्न यांना विचारला असतास, तर उत्तर मिळालं असतं. पण ते प्लीहेचं नसतं."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. तू त्यातलं 'चुकेल' एवढंच ऐकलंस. मीही दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं."



"आता एकच कुपी उरली," शिष्या म्हणाली. "तीही वाया गेली तर?"

"तर चुकलेला प्रयोग तरी हाती राहील. या खेपेला तोही नाही."

सोमवारी तिने दुसरी कुपी वितळवली. तिसऱ्या पिढीला प्रयोगाच्या ताटलीतले बारा खळगे भरायचे होते, पेशी आठांपुरत्याच निघाल्या. तिने आठांवर प्रयोग लावला. हात कापत होता. बाई शेजारच्या स्टुलावर बसून होत्या; 'घाबरू नकोस' असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, आणि त्याचेच शिष्येला बरे वाटले.

तयारी पुरी झाल्याचा निरोप कुणालाच येत नसतो. कापत्या हातानेच सुरुवात करावी लागते.