उंदीरकानीचं दुसरं बारसं

फार वर्षांपूर्वी, फुलं आपली गाऱ्हाणी आपणच सांगत तेव्हा, बांधावर उंदीरकानी पसरली होती. पानं उंदराच्या कानांसारखी, म्हणून हे नाव. पण फुलं इतकी पिवळीधमक असताना उंदराचं नाव तिला मुळीच आवडत नसे. तिने पुन्हा बारसं करायचं ठरवलं आणि गोगलगाय आत्याला बोलावलं.

“सुवर्णलता,” आत्या पहिल्या पानात कुजबुजली. “कुर्र. आता पुढचा कान.”

“सगळ्या कानांत सांगणार?”

“मग? बाकीचे रुसले तर?”

पंधरा दिवसांनी आत्या धापा टाकत शेवटच्या पानाशी पोचली. तोवर मागे वीस नवी पानं फुटली होती.

“आई, आपलं नाव काय गं?” त्यांनी विचारलं.

उंदीरकानीने आत्याकडे पाहिलं. आत्या हळूहळू मागे वळू लागली होती.

“उंदीरकानी,” ती घाईघाईने म्हणाली. “फार जुनं घराणं आहे आपलं.”