बिनखळीची घोंगडी

हिंगणदऱ्याच्या माळावर बिरोबाचं देऊळ आहे. देवळाच्या मागे तळं, आणि तळ्याच्या काठाला एक काळी शिळा उभी आहे. शिळा सगळी खरखरीत, पण देवळाकडच्या अंगाला, माणसाची पाठ टेकेल एवढ्या उंचीवर ती घासून गुळगुळीत झालेली आहे. तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं तर किंचित बुळबुळीत लागतं. जत्रेला येणारी माणसं या तळ्यात पैसे टाकत नाहीत, मूठभर चिंचोके टाकतात. आणि देवळात डोकावलं तर देवाच्या अंगावरची घोंगडी मऊ, चुरगळलेली, जुन्या लुगड्यासारखी लोळागोळा झालेली दिसते. घोंगडी म्हटली की ती कशी ताठ हवी, भिंतीला लावली तर उभी राहायला हवी. एके काळी साऱ्या मुलखाला ताठ घोंगड्या पुरवणाऱ्या गावाने देवालाच ही असली का पांघरावी, असं नवा माणूस विचारतोच.

विचारलं की भिवाबा सणगर खूश होतात. सणगर म्हणजे घोंगड्या विणणारे, आणि हिंगणदऱ्यात अजून माग चालतो तो एवढ्या एकाच घरात. तळ्यावर येणारे पाहुणे बहुतेक अंगाच्या खाजेने गांजलेले असतात. कुणाच्या मानेवर चट्टे, कुणाच्या कोपरांत भेगा, आणि सगळ्यांच्या डोळ्यांत न झालेली झोप. भिवाबा त्यांना आधी विचारतात, "डॉक्टरला दावलंय का?" दाखवलं नसेल तर म्हातारा सरळ तालुक्याची वाट दाखवतो, तळं काही पळून जात नाही म्हणतो. दाखवलं असेल तर शिळेच्या सावलीत बसवून घेतो आणि बयजाची हकिगत सांगतो.

फार जुनी गोष्ट, असं सांगतात. तेव्हा हिंगणदऱ्यात घरोघर माग होते आणि देवाची घोंगडी विणण्याचा मान भिवाबांच्याच पूर्वजांच्या घरी होता. त्या घरात मायाप्पाची बायको म्हणून बयजा आली. लोकर कातण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं म्हणे. पण दुसरा पावसाळा सरला आणि तिच्या अंगाला इसब फुटला. आधी कोपरांच्या आत, मग गुडघ्यांच्या मागे, मग सगळी पाठ. लोकरीचा एक केस जरी अंगाला लागला तरी तिथे आग व्हायची. खाजवलं की घटकाभर बरं वाटायचं आणि मग दुप्पट खाज सुटायची. करंजाचं तेल झालं, कडुनिंबाचा पाला झाला, चुलीतली राख झाली. उपाय सांगणारे थकले, तसे सगळे एकच सांगू लागले, की खाजवू नको. हे सांगायला काही लागत नाही. ज्याच्या पाठीला आग लागली आहे, त्याने हात बांधून कसं बसायचं, ते मात्र कुणी सांगत नव्हतं.

बयजाला झोप म्हणून राहिली नाही. सगळं घर निजलं की ती भिंतीला पाठ घासत बसायची. त्यातच तिला मुलगी झाली, हौसा नावाची. लेकराला आपलं अंग लागेल म्हणून बयजा तिला पाजताना मधे फडकं धरायची, आणि पाजून झालं की सासू पोर उचलून न्यायची. सासूचं नाव रंगूबाई. बाई वाईट नव्हती, भ्यायलेली होती. तिने सुनेचं ताट वेगळं केलं, अंथरूण वेगळं केलं, आणि तिच्या अंगाला हात लागू नये म्हणून वस्तूसुद्धा खाली ठेवून सरकवायला सुरुवात केली.

पुढे गावातही कुजबुज सुरू झाली. देवाची घोंगडी ज्या घरात विणतात तिथे असली बाई कशी, असं पंचांनी मायाप्पाला विचारलं. शेवटी ठरलं, की जत्रेपर्यंत बयजाचं अंग निवळलं तर ठीक, नाही तर जत्रा झाल्यावर तिला माहेरी पोचवायचं. पोर इथेच राहणार. मायाप्पा मान खाली घालून हो म्हणाला. बयजाने सगळं दाराआडून ऐकलं आणि हौसाच्या टोपड्यावरून हात फिरवायला पुढे झाली, पण हात तसाच मागे घेतला.

जत्रा उद्यावर आली. देवाची घोंगडी विणून झाली होती, तिला खळ द्यायची तेवढी राहिली होती. चिंचोके भाजून, सोलून, दळून त्याची पातळ पेज शिजवतात, ती खळ. ती निवली की झाडाच्या मुळ्यांच्या कुंच्याने घोंगडीला चोपडतात, आणि घोंगडी ताणून वाळवली की ताठ होते. त्या साली चिंचा धरल्या नव्हत्या. गावाने घरोघरचे डबे झाडून चिंचोके गोळा केले होते, तेव्हा कुठे देवापुरती एक घागर खळ झाली. ती घागर निवायला तळ्याच्या काठी शिळेच्या सावलीत ठेवली होती. घरातली सगळी माणसं घोंगडीच्या काठाची शिवण घालण्यात गुंतलेली. बयजाला मागाजवळ बंदी, म्हणून तिला घागरीची राखण सांगितली, तीही लांबून. शेरडं आली तर हाकलायची, घागरीला हात लावायचा नाही.

दुपार उतरत होती. माळावर वारा पडला होता. बयजाची पाठ अशी पेटली की तिला बसवेना. तिने शिळेला पाठ घासली, तर शिळा दिवसभराच्या उन्हाने तापलेली. मग तिचं लक्ष घागरीत बुडवून ठेवलेल्या कुंच्याकडे गेलं. मुळ्यांचे ते राठ काटे पाठीवरून एकदा फिरले तर काय सुख लागेल, एवढंच तिच्या मनात आलं. एकदाच, असं ती स्वतःशी म्हणाली. देवाच्या खळीतला कुंचा तिने उचलला आणि खांद्यावरून मागे पाठीवर ओढला.

काटे लागले, पण त्याच्या मागोमाग खळ पसरली, गार आणि घट्ट. ओरबाडलेल्या कातडीवर कुणी ओली साय पांघरावी तसं झालं. बयजाने पुन्हा कुंचा बुडवला. पाठ झाली, मान झाली, कोपरं झाली. मग ती भानावर आली, आपण काय केलं ते तिला कळलं, आणि पळून जावं म्हणून ती उठायला गेली. पण वर्षानुवर्षांची साचलेली झोप तिच्यावर अशी आली की ती तिथेच पालथी पडली.

झोपेत तिला माळ दिसला, असं सांगतात. सगळा माळ मेंढरांनी भरलेला, पण एकाही मेंढराचा आवाज नाही. शिळेशी एक म्हातारा धनगर उभा होता आणि डोळे मिटून शिळेला पाठ घासत होता. त्याच्या खांद्यावर नवी कोरी, फळीसारखी ताठ घोंगडी. बयजाला पाहून त्याने घोंगडी खाली सरकवली आणि वळून बसला. त्याची पाठ तिच्याच पाठीसारखी होती, लाल, ओरबाडलेली, जुन्या चट्ट्यांवर नवे चट्टे. बयजाला रडू आलं. तिने घागर जवळ ओढली आणि कुंचा बाजूला ठेवून आपल्या तळव्याने म्हाताऱ्याच्या पाठीला खळ लावू लागली. लावता लावता तिच्या लक्षात आलं, की कुणीतरी आपल्याही पाठीला लावतं आहे. दोन खांद्यांच्या मधे, जिथे तिचा स्वतःचा हात कधी पोचला नव्हता, तिथे. तिने वळून पाहिलं नाही. वळलं तर तो हात थांबेल, अशी तिला भीती वाटली.

इकडे काय झालं ते पुढे रंगूबाईनेच सांगितलं म्हणे. ती खळ न्यायला आली, तर घागर उघडी, कुंचा सुनेच्या हातात आणि देवाची खळ सुनेच्या अंगावर. तिने मारायला हात उगारला. तेवढ्यात तिने पाहिलं, की ही पोरगी झोपली आहे. तोंड किंचित उघडं, हाताची बोटं सैल. एवढ्या काळात सून झोपलेली तिने पाहिली नव्हती. रंगूबाईचा हात वरच राहिला. मग ती हळूच खाली बसली. दोन खांद्यांच्या मधला भाग कोरडा राहिला होता, तिथे कातडी तडकली होती. तिने घागरीत हात घातला आणि तो भाग भरून काढला. पुन्हा घातला, पुन्हा लावलं. दिवस कलेपर्यंत ती लावतच राहिली.

बयजा जागी झाली तेव्हा सासू शेजारी बसली होती आणि तिच्या हाताला खळ वाळून पांढरी झाली होती. बयजाने तिचे पाय धरले.

"आत्याबाई, देवाची खळ बाटवली मी."

"बाटली तर बाटली," रंगूबाई म्हणाली. "झोप लागली का तुला?"

उरलेली खळ बाटलेली, ती घोंगडीला लावायची सोय नव्हती आणि वाटेवर कुठेतरी ओतून देवाचा आणखी अपमान करायचा नव्हता. म्हणून दोघींनी मिळून ती तळ्यात सोडली आणि घागर, कुंचा तिथेच धुऊन काढला.

जत्रेच्या दिवशी मायाप्पाच्या हातात ती घोंगडी लोंबत होती. देवाच्या अंगावर घातली तर खांद्यावरून घसरून पायाशी गोळा झाली. लोक बघत राहिले. खळ कुठे गेली, असं पंचांनी विचारलं, आणि रंगूबाईने जे झालं ते सगळ्यांदेखत सांगितलं. घोंगडीचा मान या घराकडून काढून घ्या, बाईला आत्ताच्या आत्ता गावाबाहेर काढा, असा गलका झाला. बयजा देवळाच्या पायरीशी उभी होती. स्वप्नाबद्दल ती कुणाकडे एक शब्दही बोलली नव्हती. ती फक्त सासूच्या कडेवरच्या हौसाकडे बघत होती, कारण हे बघणं शेवटचं आहे असं तिला वाटलं.

तेवढ्यात ढोल थांबले. पुजाऱ्याच्या अंगात देव आला होता. अंगात आलेला देव पुढचं सांगतो ती भाकणूक दरसाल पाऊसपाण्याची असायची. या वेळी पुजाऱ्याने देवाच्या पायाशी पडलेली ती मऊ घोंगडी अंगाभोवती घट्ट ओढून घेतली आणि बोलला, ते हिंगणदऱ्यात अजून शब्दाशब्दाने सांगतात.

"पिढ्यान् पिढ्या ताठ घोंगडी घालताय मला. माझी पाठ खाजती का, असं कुणी इच्यारलं न्हाई. काल एका लेकीनं माझ्या पाठीवर हात फिरवला. तिला धाडताय, तर मलाबी धाडा."

रंगूबाई पायऱ्या उतरली आणि हौसाला तिने बयजाच्या कडेवर दिलं. मधे फडकं धरलं नाही.

खाज पुरती गेली का, असं पाहुणे इथे हमखास विचारतात. भिवाबा खोटं बोलत नाहीत. नाही गेली, म्हणतात. थंडीच्या कोरड्या दिवसांत ती परत यायची, आणि आली की रंगूबाई चिंचोके भाजायला बसायची. सासू थकली तेव्हा हौसा लावू लागली. बयजा म्हातारी होऊन गेली ती आपल्या घरातच, आणि झोपेत.

आजही हिंगणदऱ्याच्या देवाच्या घोंगडीला खळ देत नाहीत. देवाच्या वाट्याची खळ जत्रेदिवशी तळ्याच्या काठी ठेवतात. अंगाची खाज असलेली माणसं पाण्याकडे तोंड करून एकामागे एक बसतात. स्वतःच्या अंगाला स्वतः लावायची नाही, अशी रीत आहे. पुढच्याच्या पाठीला आपण लावायची, आपल्या पाठीला मागचा लावतो. तो कोण, कुठला, हे वळून बघायचं नाही. रांगेतला सगळ्यात पुढचा माणूस तेवढा माणसाची पाठ नाही, देवाची पाठ म्हणून शिळा माखतो. आणि सगळ्यात मागे ज्याच्या पाठीला लावायला कुणी उरत नाही, त्याच्यासाठी भिवाबा स्वतः गुडघ्यावर हात टेकत उठतात, घागरीत हात घालतात आणि म्हणतात, "बस निवांत. मागं बघू नगो."