न मागता दिलेले चूर्ण

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या दाराशी घोडागाडी थांबली आणि तिच्यातून धान्याचे व्यापारी रेवणशेठ दोघा गड्यांच्या आधाराने खाली उतरले. ओसरीच्या पायऱ्या चढतानाही त्यांना मध्येच थांबावे लागले. दम खाऊन झाल्यावर ते म्हणाले, "वैद्यबुवा, चरबी उतरवणारे तुमचे ते चूर्ण द्या. परवा नातीला कडेवर घेऊन उठताना तोल गेला. पोर थोडक्यात वाचली."

"चूर्ण आहे," वैद्य म्हणाले. "पण जेवण आवराल? रोज चालाल?"

"ते जमले असते, तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

"मग तूर्त चूर्णही नाही."

शेठ तणतणत निघून गेले. खलात औषध कुटणाऱ्या भार्गवचा हात थांबला. इतक्या त्रासलेल्या माणसाला गुरुजींनी विन्मुख पाठवावे, हे त्या शिष्याला पटले नाही. तो पुन्हा कुटू लागला.

पुढे कळले, की शेठनी जत्रेतल्या कुणा विक्रेत्याकडून पुड्या घेतल्या. पुडी पोटात गेली की झाले, या भरवशावर ताटातले तूप आणि गोडधोड वाढले. गुण दिसेना, तशा पुड्याही वाढल्या. अखेर जुलाबांनी आणि छातीतल्या धडधडीने त्यांनी अंथरूण धरले.

आता मात्र भार्गवला राहवले नाही. "गुरुजी, आपण दिले असते तर ते तिकडे गेले नसते."

वैद्य म्हणाले, "खरे आहे. 'नाही' म्हणून मी मोकळा झालो. ते फार सोपे होते."

त्यांनी शेठच्या घरी जाऊन पुड्या बंद करवल्या, आजार उतरवला. शेठ हिंडूफिरू लागले, तसे वैद्य रोज सकाळी काठी घेऊन त्यांच्या दारात उभे राहू लागले. "म्हाताऱ्याला एकटे पाठवता काय?" असे म्हटल्यावर शेठना निघावेच लागे. सुरुवातीला वेससुद्धा दूर वाटे. दुपारी वैद्य त्यांच्याच पंगतीला बसत. भाकरी, पालेभाजी आणि ताक घेत, आणि थोडी भूक शिल्लक असतानाच हात धुवायला उठत. यजमानाला मग एकट्याने जेवत राहणे अवघड होई.

पावसाळा सरला. थंडीत वैद्यांचे गुडघे धरले आणि ते घराबाहेर पडेनासे झाले. तेव्हा एका सकाळी रेवणशेठ एकटेच, पायी, त्यांची चौकशी करायला आले. बराच वेळ गप्पा झाल्या. शेठ निघाले, तसे वैद्य भार्गवला म्हणाले, "यांना ते चूर्ण बांधून दे."

शेठ चकित झाले. "आता? मी तर विसरूनही गेलो होतो. याने कितीसा फरक पडेल?"

"थोडासाच. सांगितले आहे तेवढेच घ्या, आणि घेतले म्हणून चालणे सोडू नका."

शेठ गेल्यावर भार्गवने विचारले, "गुरुजी, मागत होते तेव्हा दिले नाही. आता मागत नाहीत, तर देता?"

वैद्य म्हणाले, "चढावर बैल गाडी ओढत असतील, तर मागून लावलेल्या हाताचा त्यांना आधार होतो. बैलच सोडून ठेवले, तर रेटणारा दमतो आणि गाडी मात्र त्याच्याच अंगावर येते. माझे चूर्ण म्हणजे तो मागचा हात. तेव्हा शेठना त्या हातानेच गाडी वर न्यायची होती. आणि माझेही चुकले. बैल जुंपायला मी सोबत जायला हवे होते."

भार्गव खलाकडे वळला.

दुसऱ्या दिवशी परगावची एक बाई आली. बसताच म्हणाली, "ते चूर्ण द्या हो, दादा. फार नाव ऐकलंय."

भार्गवने तिला पाणी दिले, समोर बसला आणि विचारले, "ताई, तुमचा दिवस कसा जातो, ते आधी मला सांगा."