खालच्या वाडीचे अकरा हात

पुष्कळ पिढ्यांमागे नदीकाठी एक गाव होते. तिथे राजा नव्हता. दर माघात गाव देवळापुढे जमे आणि हात वर करून कारभारी निवडी. घरामागे एक हात. निम्म्याहून जास्त हात ज्याचे, तो कारभारी; वर्षाच्या मध्येच ते हात फिरले तर तो पायउतार.

गावात तीन वाड्या. वरच्या वाडीत मळेवाल्यांची पंचेचाळीस घरे, मधलीत कुंभारांची चव्वेचाळीस आणि खाली, अगदी पाण्यालगत, कोळ्यांची अकरा.

एका वर्षी वरच्या वाडीचा म्होरक्या यशाजी खालच्या वाडीच्या वडीलधाऱ्या धोंडाईकडे गेला.

"आजी, तुमचे अकरा हात मला द्या."

"देते की. पण नदीचा बांध खचलाय. पावसाआधी तो नीट झाला पाहिजे."

"शब्द दिला," यशाजी म्हणाला, आणि कारभारी झाला.

कारभारी झाल्यावर त्याने पहिले काम काढले ते मळ्यांच्या पाटाचे. चैत्र सरत आला तशी धोंडाई त्याच्या दारी आली.

"आधी पाट होऊ दे," यशाजी म्हणाला.

"ठरलं होतं बांधाचं."

"आजी, माझे हात पंचेचाळीस, तुमचे अकरा. आणि मला सोडून जाल कुठे? कुंभारांशी तर तुमचं बोलणंसुद्धा नाही."

धोंडाई माघारी वळली. ती भांडली असती तर यशाजीला बरे वाटले असते.

ती तडक मधल्या वाडीत गेली. कुंभार मातीसाठी नदीकाठ खणत, त्यावरून दोन्ही वाड्यांत जुने वैर होते. कुंभारांचा म्होरक्या रखमाजी चकितच झाला. दोघे दिवसभर बोलत बसले. काठ खणायचा नाही आणि बांध आधी, असे ठरले. पुढच्याच सभेत अकरा हात फिरले, यशाजी पायउतार झाला आणि रखमाजी कारभारी झाला.

बांधाचे काम लगेच सुरू झाले, पण दिवस थोडे आणि माणसे अपुरी. वरच्या वाडीतले लोक यशाजीला म्हणाले, "आपण हात लावायचा नाही. बांध फुटला की रखमाजी पडेल. पाणी काही आपल्या मळ्यांपर्यंत येत नाही."

खरे सांगायचे तर यशाजीलाही ते पटले होते. पण एके सकाळी तो बांध बघायला गेला. धोंडाई त्या वयात डोक्यावर मातीची पाटी घेऊन चढ चढत होती. पुढ्यात खिंडार तसेच होते, आणि त्याच्या खाली अकरा घरे.

घरी येऊन त्याने कुदळ उचलली. "पाट राहू दे. सगळे बांधावर चला."

आठ दिवसांत बांध उभा राहिला. आषाढात नदी त्याच्या माथ्याला टेकली आणि ओसरली.

"आजी, आता परत याल माझ्याकडे?" यशाजीने विचारले.

"रखमाजीला वर्षाचा शब्द दिलाय," धोंडाई म्हणाली. "वर्ष भरू दे."

यशाजीची मान खाली गेली. ते वर्ष तो सभेत समोरच्या बाजूला बसला. जिथे चुकले तिथे त्याने विचारले, जिथे बरोबर होते तिथे हात वर केला.

माघ आला तेव्हा धोंडाई आपण होऊन त्याच्याकडे आली. त्याने हात मागितले नाहीत. आधी तिचे सगळे म्हणणे ऐकून घेतले आणि जे जमणार नाही ते तोंडावर सांगितले. त्यानंतर यशाजीने पुष्कळ वर्षे कारभार केला, आणि त्याच्या साथीचे हात मध्येच कधी खाली आले नाहीत.

तात्पर्य: अनेकांच्या साथीने मिळालेली सत्ता संख्येने उभी राहते, पण टिकते ती पाळलेल्या शब्दानेच.