नागमित्रेने न जाळलेली घोंगडी

पूर्वी वेण्णेच्या काठी तामर नगरात क्षेमराज राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका तेल्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव सोमिल. वेशीला लागून त्याचा घाणा होता आणि करंजाच्या बियांचे कडू तेल तो गाळीत असे. घरात माणसे दोनच, तो आणि त्याची म्हातारी आई नागमित्रा.

त्या नगराला भीती जडली होती. सात वर्षांपूर्वी अंगावर फोड येण्याची साथ आली आणि घरोघरचे कोणी ना कोणी गेले. सोमिलचा बापही त्यातच गेला. साथ संपली, पण भीती काही गेली नाही. ज्याच्या कातडीवर पुरळ दिसेल त्याला होडीत घालून नदीपलीकडे सोडावे, असा राजाने हुकूम काढला. दर पौर्णिमेला सकाळी नगररक्षक भल्लक भाला घेऊन दारोदार फिरे आणि एकेकाला हात कोपरापर्यंत उघडे करायला लावी. त्या सकाळी कोणाच्या घरी चूल पेटत नसे. लेकराला डास चावला तरी आई त्या ठिपक्यावर हळद फासून ठेवी. पैलतीरी गेलेले कोणी परत आलेले नव्हते.

अशा नगरात, पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी, नदी ओलांडून एक कुत्रा आला.

तो कुत्रा आहे हे आधी कोणाला कळलेच नाही. त्याच्या अंगावर केस म्हणून नव्हता. कातडी राखेच्या रंगाची, जाड, ठिकठिकाणी चिरलेली. डोळे खपल्यांनी जवळजवळ बुजलेले. दोन पावले चालून तो थांबे, मागच्या पायाने अंग ओरबाडी आणि ओरबाडताना माणसासारखा कण्हे. पाणवठ्यावरच्या बायकांनी घागरी टाकल्या. "पैलतीरावरचं भूत आलं गं!" अशी ओरड झाली आणि दारे धडाधड लागली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, इथे तर लूत भरलेले कुत्रे होते. माणसे त्याला भ्याली, तो माणसांना भ्याला, आणि जास्त कोण भ्याले ते सांगणे कठीण.

कुत्रा पळत सुटला तो सोमिलच्या घाण्यामागे पेंडीच्या ढिगाआड शिरला. पाठोपाठ भल्लक आला.

"सोमिला, बाजूला हो. पैलतीरावरून आलंय ते."

"भल्लकदादा, ही लूत आहे. रोग आहे, भूत नव्हे. माझ्या तेलाने जाईल."

"बाजूला हो म्हणतो ना!"

"मी नाही हलत. भाला मारायचा तर तुम्हालाच जवळ यावं लागेल."

भल्लक जवळ आला नाही. इतका धिप्पाड माणूस, पण दहा पावलांवरच त्याला घाम फुटला होता. शेवटी तो म्हणाला, "दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत ठेव. तोवर अंगावर केस आले नाहीत तर त्याला मारीन. आणि नीट ऐक, तुझ्या घरात कोणाच्या हातावर एक पुळी जरी दिसली, तर ते माणूस होडीत बसेल. मग ती म्हातारी असली तरी."

नागमित्रा दाराआडून ऐकत होती. "हात दाखवून अवलक्षण केलंस रे," एवढेच ती मुलाला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सोमिलने कडुनिंबाचा पाला उकळला. कुत्र्याच्या तोंडाला मऊ फडके बांधले आणि कोमट पाण्याने भिजवून भिजवून खपल्या सोडवल्या. मग करंजाच्या तेलात गंधक खलून ते कानांच्या टोकांपासून शेपटीपर्यंत चोळले. कुत्रा इतका थरथरत होता की सोमिलचे हातही त्याच्याबरोबर हलत होते. तेलाने आधी खाज वाढली. दिवसभर तो विव्हळत राहिला आणि शेजारच्यांनी कानांत बोटे घातली. कोणी म्हणाले, सोमिल त्याला मारतो आहे. कोणी म्हणाले, भूत सोमिलला मारते आहे.

"आई, दर सातव्या दिवशी असंच करायचं," सोमिल म्हणाला. "आणि तो निजलाय ती घोंगडी आज जाळून टाक. नवा पेंढा घाल."

नागमित्रेने मान डोलावली. परसात धूर निघाला तो सोमिलने घाण्यावरून पाहिला. पण तो धूर नुसत्या पेंढ्याचा होता. घोंगडी तिने सरपणाच्या ढिगात लपवली.

तामर नगरात अंथरूण जाळीत ते मेलेल्याचे. जिवंत असलेल्याचे अंथरूण जाळले म्हणजे जागा रिकामी झाल्याचा निरोप यमाला जातो, असे तिथले लोक मानीत. नागमित्रा तर नुसती मानीत नव्हती, तिने ते भोगले होते. शिवाय केस नसलेला तो जीव गारठ्याने कुडकुडे. सोमिल घाण्यावर गेला की ती घोंगडी काढून त्याच्या अंगावर टाकी, आणि सोमिलच्या येण्याच्या वेळेला पुन्हा लपवी. कुत्र्याला नाव मात्र तिने ठेवले नाही. नाव ठेवले की जीव लागतो, हे तिला ठाऊक होते.

तिसऱ्या तेलानंतर खपल्या गळाल्या. कानामागे काळी, बारीक लव दिसू लागली. पहिली पौर्णिमा निभावली. भल्लकने दुरूनच हात पाहिले आणि तो निघून गेला. पाचव्या तेलापर्यंत पाठ काळी झाली, आणि सोमिल बैलाला हाकता हाकता गुणगुणू लागला.

मग एका सकाळी कुत्र्याने पुन्हा मागचा पाय उचलला.

तो खाजवत होता. सोमिलने जवळ जाऊन पाहिले. कोपरांवर आणि पोटाखाली राखेच्या रंगाची कातडी परत आली होती. पौर्णिमा पंधरा दिवसांवर आली होती. तेल तेच, गंधक तोच, दिवसही चुकला नव्हता. मग चुकले कुठे?

त्याच दुपारी नागमित्रा रहाटाने पाणी ओढत असताना तिचा पदर कोपरावरून सरकला. मनगटापासून वर लाल पुरळ उठले होते. तिने झटकन हात झाकला, पण सोमिलने पाहिले होते. रहाटाचा दोर तिच्या हातून सुटला.

"आई, घोंगडी जाळली होतीस ना?"

ती खाली बसली. "नाही रे. तुझ्या वडलांच्या वेळी वैद्य म्हणाला, अंथरूण जाळा, रोग पसरेल. मी जाळलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. ह्या हातांनी जाळलं मी. आता परत नाही जाळवत." मग हात छातीशी धरून ती रडू लागली. "सोमिला, मला होडीत घालतील रे. तिथं कोण आहे माझं?"

सोमिलला राग आला नाही. भीतीही खाजेसारखीच असते, रागावून ती जात नाही. तो म्हणाला, "लूत किड्यांची असते, आई. अंगावरचे किडे तेलाने मेले. घोंगडीत राहिले ते परत त्याच्यावर चढले, आणि तुझ्यावरही. ती जळली की तुझंही जाईल."

"आणि तो कुत्रा मेला तर?"

घोंगडी कुठे आहे हे सोमिलला आता ठाऊक होते. ती ओढून काढून आगीत टाकायला कितीसा वेळ लागला असता? पण मग आईची भीती तशीच राहिली असती, आणि उद्या तिने दुसरी घोंगडी लपवली असती. तो आत गेला. त्याने स्वतःचे अंथरूण गुंडाळले, अंगणात आणून ठेवले आणि चुलीतला निखारा त्यावर टाकला.

"सोमिला! नको!"

"यमाला जागा रिकामी दिसायची तर माझी दिसू दे."

बोधिसत्त्वाला भीती वाटली नाही, असे म्हणू नये. वडलांचे अंथरूण जळताना त्यानेही पाहिले होते.

ते अंथरूण जळून राख झाले. सोमिल घाण्यावर गेला आणि नागमित्रा त्याच्या समोर येऊन बसली. तो धुराने खोकला की ती उठून उभी राही. तो पाणी पिऊ लागला की भांडे खाली येईपर्यंत तिचा श्वास अडके. संध्याकाळी तो उघड्या जमिनीवर आडवा झाला तेव्हा तिने उशाशी बैठक मारली. पहाटे तिचा डोळा लागला आणि दचकून उघडला. सोमिल समोर नव्हता. ती किंचाळणार इतक्यात अंगणातून आवाज आला, "आई, पेज टाकतेस का? भूक लागलीय."

नागमित्रा खूप रडली. मग उठली, सरपणाच्या ढिगातून घोंगडी काढली आणि स्वतःच्या हाताने जाळली. कुत्रा शेजारी बसून बघत होता. "बस हो, लव्हाळ्या," ती त्याला म्हणाली. पुरानंतर नदीकाठी परत उगवते त्या गवताचे नाव तिने त्याला दिले.

आणखी दोन तेले झाली. पौर्णिमा उजाडली आणि भल्लक दारात आला. मागे शेजारी जमले होते.

"म्हातारे, हात पुढे कर."

तिने हात पुढे केले. पुरळ गेले होते, पण फिकट डाग राहिले होते. भल्लक वाकला. "हे काय?"

खोटे बोलायची तिची ताकदच उरली नव्हती. "होतं, दादा. आता गेलं."

भल्लकने भाला एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, आणि घेताना मनगटावरच्या चामडी पट्ट्याखाली त्याने भाल्याचा दांडा हळूच घासला. सोमिलने पट्ट्याच्या कडेला पाहिले. तिथे ताजे, लाल पुरळ होते. पैलतीरी जाणाऱ्यांना याच हातांनी त्याने होडीत चढवले होते. इतक्या पौर्णिमा त्याने सगळ्यांचे हात उघडायला लावले, त्याचा हात कोणीच पाहिला नव्हता.

एक शब्द बोलला असता तर आई सुटली असती आणि भल्लक होडीत बसला असता. सोमिल आत गेला आणि तेलाचा बुधला घेऊन आला. "भल्लकदादा, भाल्याच्या पात्याला लावायला तेल न्या," तो मोठ्याने म्हणाला. मग बुधला हातात देताना हळू आवाजात म्हणाला, "दर सातव्या दिवशी. खाज थांबली तरी थांबू नका. आणि अंथरूण जाळा. काही होत नाही, मी जाळून बघितलंय."

भल्लकने बुधला घेतला, लोकांकडे वळला आणि म्हणाला, "या घरात डाग नाही."

"आणि ते भूत?" कोणीतरी विचारले.

लव्हाळ्याने शेपटी हलवली. भल्लक म्हणाला, "कुत्रा आहे तो."

पुढच्या पौर्णिमेला भल्लक भाला न घेता आणि बऱ्या झालेल्या मनगटावर पट्टा न बांधता आला. होडीत त्याने तेलाचे बुधले भरले आणि सोमिलला बरोबर घेऊन तो नदीपलीकडे गेला. पावसाळ्याआधी त्याच होडीतून माणसे परत येऊ लागली.

शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा सांगितली तेव्हा विहारात मेघिल नावाचा भिक्षू अंगभर खरूज होऊन कोपऱ्यात पडला होता. त्याच्या अंथरुणाला कोणी शिवत नव्हते. कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळचा लव्हाळ्या म्हणजे हा मेघिल. नागमित्रा म्हणजे भिऊन दाराबाहेर थांबलेली ही उपासिका उत्पला. तेली सोमिल मीच होतो."

"आणि भल्लक, भगवन्?" एकाने विचारले.

"तोही इथेच बसला आहे. तेव्हा चारचौघांत त्याचं नाव घेतलं नाही, आता कशाला घेऊ?"

मग मागच्या रांगेतला एक धिप्पाड भिक्षू उठला आणि मेघिलचे अंथरूण उचलायला गेला. उत्पला दाराबाहेरून आत आली आणि तिने अंथरुणाचे दुसरे टोक धरले.

दुसऱ्याची भीती आपल्या अंगावर घेणे, याला अभयदान म्हणतात.